आठ सेकंदांना शून्य दाखवणारं घड्याळ

माझा नवरा लोकांना सांगतो की ही कॉम्प्युटरवर ग्राफ पाहते. सासूबाई सांगतात, "दिवसभर रेघा पाहून राह्यते." सासूबाईंचं जास्त बरोबर आहे. भंडाऱ्याला घराच्या वरच्या खोलीत बसून मी बाहेरगावच्या एका कंपनीसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासते, तेही बोर्ड तयार होण्याआधी. बोर्ड अजून जन्माला यायचा असतो आणि मी त्याच्या तारांतून वीज कशी वाहील, कुठे अडखळेल, हे कॉम्प्युटरवर चालवून बघते आणि पास-नापास ठरवते. चुकलं तर दोष बोर्ड बनवणाऱ्याचा आणि बरोबर आलं तर श्रेय माझं, अशी ही नोकरी आहे. मी ती सोडणार नाही.

या रेघांतल्या बऱ्याचशा रेघा बफर नावाच्या चिपच्या असतात. बफर म्हणजे गावचा कोतवाल. सरपंच ओसरीवर बसून हळू आवाजात काहीतरी सांगतात आणि कोतवाल तेच चौकात जाऊन खड्या आवाजात ओरडतो. बोर्डाच्या मेंदूतून निघालेला इशारा दुबळा असतो, दिवा पेटवायची ताकद त्याच्यात नसते. बफर तो इशारा घेतो आणि जोरात पुढे ढकलतो. एका चिपमध्ये असे आठ कोतवाल बसवलेले असतात.

हा कोतवाल आतून कसा आहे, हे बनवणारी कंपनी सांगत नाही, ते तिचं गुपित असतं. ती एक फाइल देते. फाइलमध्ये नुसता तक्ता: इतका दाब दिला तर इतका प्रवाह, चढायला इतका वेळ, उतरायला इतका. आतलं काही नाही, नुसतं वागणं. म्हणून त्याला वागणुकीचं मॉडेल म्हणतात. लग्नाच्या बायोडाटासारखंच असतं ते. त्यात खोटं काही नसतं, पण ते शांत खोलीत एकट्यानं बसून लिहिलेलं असतं. घरात आठ पाहुणे एकदम आल्यावर हा माणूस कसा वागेल, याचा रकाना त्यात नसतो. आमच्या कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना दरवर्षी मीच दोन तास हे शिकवते. व्याख्यानाचा विषय 'मॉडेलच्या मर्यादा'. मुलं टाळ्या वाजवतात. म्हणजे पुढे जे झालं त्याला माझ्याकडे अज्ञानाची सबबसुद्धा नाही.

माझा मामा करडी गावात धान पिकवतो. धान हा त्याचा धंदा आणि शंकरपट हा त्याचा धर्म. धानाची मळणी आटोपली, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, कोरड्या पडल्या की आमच्याकडे गावोगाव पट भरतात. बैलांची जोडी, हलका छकडा, छकड्यावर तो हाकणारा धुरकरी आणि सरळ आखलेली धावपट्टी. एका वेळी एकच जोडी धावते आणि तिची वेळ घड्याळावर मोजतात. सुरुवातीला एक दोरा बांधलेला, शेवटी एक. बैलांनी पहिला तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. सगळा निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर.

मामाची जोडी आसपासच्या गावांच्या गटात धावायची. अकरा वर्षांत पहिला नंबर एकदाही नाही, दुसरा तीनदा. पहिल्याला भंडाऱ्याचा पितळी गुंड मिळतो, पाणी भरायचा. पितळ काही मामाच्या घरी कमी नव्हतं, पण हा गुंड पाहिजे होता. त्यातून डाव्या बैलाचं वय झालं होतं, हा त्याचा शेवटचा पट, हे मामाने स्वतःच ठरवलं होतं. मामीने तर स्वयंपाकघरातला कोनाडा रिकामा करून ठेवला होता आणि त्यात दुसरं काही ठेवलं की मामा तिच्यावर ओरडायचा.

त्या वर्षी पट समितीचं जुनं घड्याळ बंद पडलं. भाड्याने मिळणारी घड्याळं दुसऱ्या पटांनी आधीच धरून ठेवलेली. मामाने भर सभेत सांगून टाकलं की माझी भाची बनवेल. मला फोन नंतर केला.

"तू मोबाइलच्या आतलं काहीतरी बनवते म्हणे. मंग आमाले एक घड्याळ बनवून दे."

"मामा, मी बनवत नाई, तपासते."

"मंग बनव अन् मंग तपास."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला मनातून गुदगुल्या झाल्या. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे बोर्ड नापास करून करून मला एकदा स्वतःचा करून दाखवायचा होता.

दोन आठवडे खपून मी घड्याळ बनवलं. हातभर उंचीचे चार लाल आकडे, दुसऱ्या आकड्यापुढे टिंब; वेळ दहाच्या आत असली की पहिला आकडा बंदच. समितीची एकच अट होती: जोडी धावत असताना आकडे बंद ठेवायचे, नाहीतर लोक बैल सोडून घड्याळाकडे बघत बसतात. दुसरा दोरा तुटला की मगच काळ्या काचेवर वेळ उजळायची. प्रत्येक आकड्यामागे एक बफर चिप बसवली. आकड्याच्या सात दांड्या आणि एक टिंब, म्हणजे आठ तारा आणि आठ कोतवाल, हिशेब चोख. त्या चिपच्या फाइली उतरवून घेऊन मी एकेक तार कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. रेघा इतक्या देखण्या आल्या की मी त्यांचा कागद छापून मामाला नेऊन दाखवला. त्याने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि चांगलं आहे म्हणाला.

मग अंगणात नवऱ्याला धावायला लावलं. तुळशीपासून फाटकापर्यंत चार सेकंद आणि काहीतरी. दुसऱ्यांदा पाच, कारण चप्पल निसटली. तिसऱ्यांदा तो धावला नाही.

खरी चाचणी करडीला झाली, मामाच्या बांधीत, पटाच्याच मापाची पट्टी आखून. सकाळचं धुकं होतं. मामाने जोडी तीनदा धाववली. नऊ-एकसष्ट, नऊ-अठ्ठावन्न, नऊ-चौसष्ट. आकडे ठणठणीत उजळत होते. मामा छकड्यावर मागे रेलून कासरा दोन्ही हातांनी ओढून धरत होता, हे मी पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्या बैलाला जपतोय. वहीत मी लिहिलं: तिन्ही वेळा जवळजवळ सारख्या, घड्याळ भरवशाचं.

माझ्या शेजारी बांधाला टेकलेली मामी मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "काई नाई वं. या मानसानं लग्नात आपलं वयबी खरं नाई सांगतलं."

मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबा फॅक्टरीत होते. आमच्याकडे बस ठरलेल्या मिनिटाला यायची आणि ठरलेल्या मिनिटाला सुटायची. कोणी किती वाजले विचारलं तर जितके वाजले तितके सांगायचे. पटवाल्यांचं जग वेगळं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मामीचं बोलणं मी हसण्यावारी नेलं.

पटाच्या दिवशी घड्याळ टेबलावर चढवलं तेव्हा मी नवी साडी नेसले होते. ध्वनिक्षेपकावर निवेदकाने माझा उल्लेख "आपल्या भागाची लेक, कॉम्प्युटर इंजिनेर" असा तीनदा केला. सकाळच्या जोड्या आल्या. दहा-बारा, नऊ-सत्तर, नऊ-पंचेचाळीस. प्रत्येक वेळी काच उजळली की लोक "ओऽऽ" करायचे आणि मी खाली बघून पदर सारखा करायचे. शे-दीडशे मोबाइल वर उचललेले होते, सगळे घड्याळावर रोखलेले. नवलाई असते. बैलांचे फोटो कोण काढतो?

मग मामाची जोडी आली. पहिला दोरा तुटला आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. मामा पुढे वाकलेला होता, कासरा सैल. ती जोडी चाचणीतली नव्हतीच. धुळीचा लोट अंगावर आला, दुसरा दोरा तुटला, शे-दीडशे मोबाइल वर झाले आणि काचेवर आकडे उजळले.

शून्य, टिंब, शून्य, शून्य.

लोकांचा "ओऽऽ" अर्ध्यावरच विरला. निवेदक मात्र गप्प राहू शकत नव्हता. "अन् मंडळी, ही जोडी आली आहे..." तो अडला, काचेकडे पुन्हा पाहिलं, "शून्य सेकंदात! जोरदार टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्यासुद्धा.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मामा छकडा वळवून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अजून धावेचा आनंद होता. तो काचेकडे बघत होता आणि आनंद हळूहळू उतरत होता. ते मी अजून विसरलेले नाही.

"मामा," मी म्हटलं, "सकाळपासून नऊ दिसले, दहा दिसले. तुमची जोडी नऊ-साठची. मंग शून्य काहून आलं?"

मामाने बैलाच्या खुरांकडे पाहिलं. "नऊ-साठ नाई थे."

"मंग?"

"नऊ-साठ थे दाखवाची वेळ होती."

"कोनाले दाखवाची? बांधीत तं मी अन् मामी दोघीच होतो!"

"तुलेच. तुले खरं दाखवलं तं तुय्या मायले समजते. तुय्या मायले समजलं का भंडाऱ्याले समजलं."

आईबद्दल हे खरं होतं, त्यामुळे मला रागवताही येईना. तेव्हा कुठे मला कळलं की पटवाला आपल्या जोडीची खरी वेळ कोणालाच सांगत नाही. किती येते म्हणून विचारलं तर "येते आपली, दहाच्या आतबाहेर" म्हणायचं आणि चाचणीत कासरा ओढून धरायचा. सगळेच असं करतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. मीच एक शहाणी, वहीत 'भरवशाचं' लिहून ठेवणारी.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरा उजेड पडला. नऊ नव्हते तर आठ. नऊ लिहायला सहा दांड्या आणि टिंब, सात कोतवाल. आठ लिहायला सातही दांड्या आणि टिंब, म्हणजे आठही कोतवाल एकदम ओरडले पाहिजेत, तेही काळ्या काचेवरून, एका फटक्यात. आठही जणांची वीज परत जाते चिपच्या एकाच धातूच्या पायातून, आणि तिथे मी बाबांच्या जुन्या रेडिओतली एक लांब, बारीक तार लावली होती. तेवढी वीज एकदम आली की त्या तारेत ती तुंबते आणि जो पाय कायम शून्यावर असायला हवा तो क्षणभर वर उचलला जातो. शेजारी वेळ पुसायची तार, म्हणजे नव्या जोडीसाठी घड्याळ पुन्हा शून्यावर आणणारी, त्या शून्याच्या भरवशावर बसलेली. तिला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. तिने वेळ पुसून टाकली. कंपनीच्या फाइलमध्ये शून्य हे कायम शून्यच असतं, त्यामुळे माझ्या सुंदर रेघांना यातलं काही दिसलं नव्हतं. फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हे आकडे एकेक पाय वेगळा मोजून घेतले आहेत. दरवर्षी मी ती ओळ मुलांना मोठ्याने वाचून दाखवते.

समितीचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी होते. त्यांना मी हे सगळं सांगू लागले तर ते म्हणाले, "बाई, थोडक्यात सांग."

"गुरुजी, माझं घड्याळ आठाले घाबरते."

"दाखव."

मग भर मैदानात प्रयोग झाला. मी हातानेच दोरे तोडले आणि लोकांनी एका सुरात सेकंद मोजले. सातला तोडला तर सात आले. नवाला तोडला तर नऊ आले. आठाला तोडला तर शून्य. लोकांनी आणखी एकदा करायला लावलं, मजा म्हणून. पुन्हा शून्य. पटापेक्षा जास्त टाळ्या याला पडल्या.

उपाय सोपा होता, आणि तोच जास्त लाजिरवाणा. टिंबाची तार उपटून टाकली की सातच कोतवाल उरतात. तेवढ्यांचं ओझं ती तार सोसत होती. पण टिंबाशिवाय लोक आठशे चौदा वाचायला लागले. मी कपाळावरची लाल टिकली काढली आणि टिंबाच्या जागी काचेवर चिकटवली. हाताने दोरे तोडून पाहिलं. आठ, टिकली, चौदा. निवेदकाने जाहीर केलं की टिंब आता कायमचं पेटलेलं राहील.

गुरुजी मामाला म्हणाले, "बाकीच्या जोड्या होऊ दे. शेवटी तुमी पुन्हा धाववा. चूक घड्याळाची हाये."

मामा बैलांकडे गेला. डाव्याच्या तोंडाला फेस होता आणि बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खांद्यावरच्या पंचाने त्याचा फेस पुसला. मी मनात म्हणत होते, धाववा मामा, एकदाच धाववा, म्हणजे माझ्या डोक्यावरचं हे उतरेल.

"नाई धावत," मामा म्हणाला.

"घंटाभर आराम देऊ की."

"गुरुजी, त्यानं दोरा तोडला, त्याचं काम झालं. घड्याळ कोनाचं हाये थे त्याले काय माहीत?"

गुरुजी चांगला माणूस. त्यांनी तोड काढली. शून्य आलं म्हणजे जोडी नवाच्या आत आली, हे तर सगळ्यांसमोर सिद्ध झालं. बाकीच्या चार जोड्यांपैकी कोणीच नवाच्या आत आलं नाही, तर गुंड मामाचा. लोकांनी माना डोलावल्या. घड्याळ बिघडल्यामुळेच वेळ सिद्ध झाल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला पुन्हा जरा शहाणं वाटायला लागलं.

नऊ-तीस. मामाने श्वास सोडला. दहा-दोन. मामी कधी येऊन माझा हात धरून उभी राहिली ते कळलं नाही. नऊ-शून्य-आठ, आणि तिघांच्याही तोंडून एकदमच "हुश्श" निघालं. शेवटची जोडी मामाच्या व्याह्यांची होती. लेक दिली त्या घरची, म्हणजे त्यांच्याबद्दल वाईट चिंतायचीही सोय नाही. धूळ उडाली, दोरा तुटला.

आठ, टिकली, सत्त्याण्णव.

आता मामाचे आठ आणि व्याह्यांचे आठ. मामाचे आठ म्हणजे आठ पूर्णपासून आठ-नव्याण्णवपर्यंत काहीही. मी पुढे होऊन शक्यता समजावून सांगू लागले, शंभरातले सत्त्याण्णव वाटे मामाच्या बाजूने पडतात वगैरे. गुरुजींनी हात जोडले. "बाई, शक्यतेवर गुंड देता येत नाई." मोबाइलमध्ये बघू म्हटलं, तर शे-दीडशे मोबाइलांत शून्य दाखवणारं घड्याळच होतं, दोरे एकाही मोबाइलात नव्हते.

शेवटी गुरुजींनी मामालाच विचारलं, "तुमी घरी मोजलं असंल ना? किती येते जोडी?"

मामाने तोंड उघडलं. पण व्याही आधीच हसायला लागले होते. "नऊ-साठ! मंगळवारी माह्याच आंगनात बसून सांगतलं यायनं." मागून कोणीतरी ओरडलं, "मले तं दहा सांगतले होते." तिसऱ्याला नऊ-ऐंशी सांगितले होते. सगळं मैदान हसलं, आणि त्यात मामाही हसला, दुसरं काय करणार? त्याने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. गुंड व्याह्यांच्या छकड्यात गेला.

घरी परतताना मामा छकड्यावर बसला नाही. बैलांबरोबर पायी निघाला आणि मी त्याच्या मागून, बांधाबांधानं. दोन्ही बाजूंना लाखोरीचं हिरवं पीक पसरलेलं. करडी दिसायला लागली तशी मला राहवेना. "मामा, चूक माझी हाये," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. पंचेचाळिशीला आलेली बाई, कपाळावर टिकली नाही, नव्या साडीला धूळ. फाइलबद्दल सांगितलं, एकेक पाय वेगळा मोजतात ते सांगितलं, मला माहीत होतं तरी मी पाहिलं नाही हेही सांगितलं.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. "मंजे कंपनीवाल्यानं तुले खोटं सांगतलं?"

"नाई. खरंच सांगतलं. फक्त थोळंच सांगतलं."

"मंग माह्याच सारखा हाये थो," मामा म्हणाला. थोडा वेळ चालला आणि म्हणाला, "नऊ-साठ दाखवले नसते तं तुले चाचणीतच समजलं असतं ना वं?"

मी पदराने डोळे पुसले आणि जराशी मान हलवली.

मामा थांबला. बैल थांबले. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, लाखोरीत कोणी वाकलेलं नाही ना याची खात्री केली. मग म्हणाला की पटाच्या पाच दिवस आधी त्याने एकट्यानेच, दातात मोबाइल धरून, जोडीची वेळ घेतली होती. "तुय्या मामीलेबी नाई सांगतलं." आणि माझ्या कानाशी वाकून त्याने आकडा सांगितला. आठ आणि पुढचे दोन्ही, आणि ते दोन्ही व्याह्यांच्या सत्त्याण्णवच्या बरेच आत.

मी तिथेच बांधावर बसले. मामाने मला बसू दिलं. डावा बैल मान लांब करून माझ्या खांद्याला हुंगत होता.

तो आकडा मी आजवर आईला सांगितलेला नाही, नवऱ्याला नाही. इथेही लिहिणार नाही.